पुसलेलं बूच

शेवंताक्काच्या दिवसकार्याला गगनबावड्याकडचे एक वयस्कर पावणे माझ्या शेजारी येऊन बसले. ऊसपाण्याचं बोलून झालं, गुडघ्यांचं बोलून झालं, आणि मग मला म्हणाले, "मालक, आता दुकानाचं काय करायचं ठरीवलंयसा?"

आजूबाजूला माणसं जेवत होती. मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तो लवकर खाली ठेवला नाही. दुकान माझं नव्हतं. एक दिवससुद्धा नव्हतं. हे तिथंच सांगायला पाहिजे होतं, पण पावणं हात धुवायला उठलं आणि ते सांगायचं राहूनच गेलं.

मी चौथीतनं उठलेला माणूस. लिहिणं माझं काम नव्हे, पण जन्मभर जे तोंडानं जमलं नाही ते मी हातानंच केलंय. म्हणून लिहायला बसलोय. ज्या बाईच्या दुकानाचा मी मालक म्हणवला गेलो ती बाई कोण होती, एवढं तरी नीट सांगतो.

उद्यमनगरच्या गल्लीत माझं गॅरेज, आणि बरोबर समोर आक्काचं गाड्यांच्या तेलाचं दुकान. दुकानाच्या मागच्या बाजूला तिचं घर, मधे एक फुलाफुलांचा पडदा. नवरा गेला आणि थोड्याच दिवसांत तिनं शटर वर केलं. नवऱ्याची लोखंडी खुर्ची तशीच ठेवली, पण ती तिच्यात फारशी बसायची नाही. उभीच असायची. आणि आवाज असा, की माझ्याकडं पत्र्यावर हातोडा चालू असला तरी ती गिऱ्हाइकाला काय बोलते ते मला शब्दन् शब्द कळायचं.

तिच्या दुकानात तेल मागून मिळत नसे. अमुक कंपनीचा कॅन द्या म्हणालं की ती ऐकलंच नाही असं करायची. तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "गाडी कुठं जाती?" मग पुढचे. रानात जाती का डांबरावर? भरून चढती का भरून उतरती? फोर बाय फोर चिखलापुरतं लावतासा का कोरड्या रस्त्यावर बी तसंच दामटतासा? माणूस घामाघूम व्हायचा. आणि सगळं ऐकून झाल्यावर ती हात पुढं करायची. "बूच आणलंय?"

बूच म्हणजे गिअरबॉक्सच्या नाहीतर एक्सलच्या पोटाखालचं, जुनं तेल सोडायचं. त्याच्या टोकाला लोहचुंबक असतं. आत गिअरचे दात झिजले की लोखंडाचा चुरा त्याला धरून बसतो. लोक ते बूच वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्याकडं आणायचे. ती दारात उजेडाला यायची, चुरा अंगठ्यावर घेऊन बोटानं चोळायची, वास घ्यायची. भिजवलेल्या मेंदीसारखा मऊ करडा लगदा असला की म्हणायची, "संसार बरा चाललाय." सुईसारखं काही टोचलं की गप्प व्हायची. आणि तिचं गप्प होणं शिवीपेक्षा वाईट.

त्यामुळं माणसं लाजायची. गाडी कुणी कशी मारलीय, किती ओझं घातलंय, कुणाच्या हाताखाली दात रडलेत, ते सगळं त्या बुचावर यायचं. एकदा पेठ वडगावचा एक पिकअपवाला बूच रॉकेलनं धुऊन, घासून, पार चांदीसारखं करून घेऊन आला. आक्कानं ते हातात घेतलं, इकडून तिकडून बघितलं आणि त्याला विचारलं, "पोरगी दाखवाय आणलीस व्हय रं, पावडर लावून?"

सगळं दुकान हसलं. तो गडी कानापर्यंत तांबडा. आक्का मात्र हसली नाही. म्हणाली, "घाण बघायलाच मी बसलोय न्हवं हितं? तू घाणच पुसून आणलीस तर मी वाचू काय? जा, काढल्यालं तेल घिऊन ये. ते काय धुतलं नसशील." आणि तो खरंच काळ्या तेलाचं घमेलं दोन्ही हातांनी धरून, सांडत सांडत, सगळ्या गल्लीतून घेऊन आला.

माझं आणि तिचं भांडण जुनं. मी एकशेचाळीस नंबरच्या तेलाचा माणूस. घट्ट तेल म्हणजे ताकद, पातळ तेल म्हणजे पाणी, असं माझ्या वस्तादानं सांगितलेलं. गिअरबॉक्स असो नाहीतर एक्सल, मी आपलं एकशेचाळीस ओतायचो. आवाज बंद, गिऱ्हाईक खूश. आक्का गल्लीतूनच ओरडायची, "मिस्त्री, फोर बाय फोरला चार पोटं असत्यात. गिअरबॉक्स, त्याच्या मागचा डबा, पुढचा एक्सल, मागचा एक्सल. चौघांचं जेवान येगळं. तान्ह्या पोराला तांबडा रस्सा पाजतोस काय तू?"

मी म्हणायचो, आमच्यात पाजतात.

ती सांगायची ते असं. गिअरबॉक्सात पितळेच्या रिंगा असतात, तिथं हलकं आणि पितळाला न खाणारं तेल घाल. मागच्या डब्याला कंपनीनं लाल पातळ तेल सांगितलं असेल तर तेच घाल, शहाणपणा करू नको. एक्सलच्या दातांवर खरा भार, तिथं नव्वद नंबरचं उग्र वासाचं. एका थंडीत गगनबावड्याच्या एका गाडीचा पहिला गिअर सकाळी पडेनाच. मी भरलेलं तेल आत डिंकासारखं झालेलं. तेव्हा मला पटलं. पण पटलं असं मी तिला कधी सांगितलं नाही. फक्त त्या दिवसापासून गिऱ्हाइकाला म्हणू लागलो, जा समोर, ती बाई काय देईल ते आण. तीही शहाणी. जिंकल्याचं तोंड तिनं कधी केलं नाही. नुसतं कॅन देताना विचारायची, "मिस्त्रीची तब्येत बरी हाय न्हवं?"

तिचा आणखी एक नेम होता. तेल बदलताना वरचं भरायचं बूच आधी सोडवायचं, खालचं मागनं. मी घाईत खालचं उघडायला गेलो की समोरून आवाज, "वरचं आधी." एकदा एका डायव्हरनं माझ्याच दारात सगळं तेल खाली सोडलं आणि मग कळलं, वरचं बूच गंजून बसलंय, सुटत नाही. गाडी रिकाम्या पोटानं उभी. आक्का दारात येऊन त्याला म्हणाली, रिकामं कराय सगळ्यास्नीच येतंय बाबा, भरायची वाट आधी बघावी.

आता तिच्या हातांचं सांगतो. एक्सलच्या तेलाला गंधकासारखा कुजका वास असतो आणि तो कातडीत बसतो. आक्का भुश्शानं, कपड्याच्या सोड्यानं, चिंचेनं, लिंबानं हात धुवायची. रेघांतलं काळं जायचं नाही, वासही जायचा नाही. कुणाच्या लग्नाला गेली की दोन्ही हात पदराखाली. जेवायला बसली तर पंगतीच्या टोकाला. दुकानात वाघीण असलेली बाई तिथं अशी अंग चोरून बसलेली बघितली की मला वाटायचं मी दुसऱ्याच कुणाला तरी बघतोय.

तिची एकुलती मुलगी वैशाली शाळेत होती तेव्हा सकाळी तिची वेणी आमची मालन घालायची. माझी बायको. आक्का पोरीला आमच्या दारात सोडायची आणि तिथंच उभी राहायची. केसांना हात लावायची नाही. केसांत वास बसतो, वर्गातल्या पोरी बाजूला सरकतात, असं पोरगी कधीतरी रडत म्हणाली होती. मालन वेणी घालायची आणि आक्का लांबून सांगायची, जरा घट्ट घाल, दुपारपर्यंत सुटती.

वैशाली हुशार निघाली. राजारामपुरीत एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला लागली. मग स्थळ आलं. गगनबावड्याचे दत्तोबा म्हणून, जमीन बरी, घरात फोर बाय फोर पिकअप, मुलगा पर्यटकांसाठी राहायची सोय चालवणारा. स्थळ आणलं आक्काच्या भावानं, वडगावच्या मामानं. तो एका संध्याकाळी आक्काच्या दुकानात आला, मलाही बोलावून घेतलं आणि म्हणाला, सगळं जमण्यासारखं आहे, फक्त बाई स्वतः तेलाच्या दुकानात बसते हे त्यांना सांगितलेलं नाही. दुकान मुलीच्या चुलत्याचं आहे, आक्का घरीच असते, असं सांगितलंय. चुलता म्हणून मिस्त्रींनी बसायचं.

मी आक्काकडं बघितलं. आता ही मामाला गल्लीच्या टोकापर्यंत पोचवणार अशी माझी खात्री होती. पण ती वळली ती पोरीकडं. वैशाली पडद्याशी उभी होती, खांद्यावरची बॅगही काढलेली नव्हती.

"तुझं काय म्हणणं हाय?"

वैशाली बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाली, "मामानं त्यास्नी सांगिटलंयच, तर आता..."

"बरं," आक्का म्हणाली.

मी नाही म्हणू शकलो असतो. पण खरं सांगायचं तर मला त्या खुर्चीत बसायला मिळणार याचं बरं वाटलं होतं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मालन तिच्याकडं मदतीला गेली, तर आक्का मोरीत बसून विटेच्या तुकड्यानं हात घासत होती. दोन बोटांतून रक्त आलेलं. मालननं वीट काढून घेतली तेव्हा आक्का म्हणाली, "बूच पुसाय लागलोय, मालन." मालननं मला हे सांगितलं आणि रात्री ती माझ्याशी बोलली नाही.

पाहुणे आले. गाडी गल्लीत वळली तशी एक बारीक कण्हल्यासारखी शीळ आली आणि थांबली. माझे कान आता जुने झालेत, मी दुर्लक्ष केलं. दत्तोबा, त्यांची बायको, मुलगा, सगळे दुकानातच बसले. मी इस्त्रीचा सदरा घालून, आक्काच्या नवऱ्याच्या त्या लोखंडी खुर्चीत, पायावर पाय टाकून. मुलगी बघून झाली. साधी, गोड माणसं होती. दत्तोबांना मुलगी पसंत पडलेली तोंडावरच दिसत होतं. सहज बोलता बोलता त्यांनी मला विचारलं, "मालक, तुम्ही तेलवालं, म्हणून इचारतो. गाडी मागनं जरा कण्हती. उद्या भरून घाट उतरायचाय, खाली कोकणात. काय घालावं?"

आणि माझ्या तोंडून गेलं, "एकशेचाळीस घाला. आवाज बंद."

आक्का पडद्यातून चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली होती. हात पदरात गुंडाळलेले. ती जागेवरच थांबली. कप एकमेकांना लागून वाजले. मला तिचं तोंड दिसत होतं आणि ती काय गिळतेय ते मला कळत होतं. आवाज बंद होईल, पण आतलं दुखणं तसंच राहील. भरलेली गाडी, उतार, आणि मधेच मागची चाकं धरली तर. तिनं पोरीकडं बघितलं. वैशालीनं मान खाली घातली.

"बूच काढा," आक्का म्हणाली.

दत्तोबा म्हणाले, "आं?"

"मागच्या एक्सलचं. काढा आन बघा. बघितल्याबिगर घाटात नगा जाऊ."

सगळे बाहेर आले. मी समोरून पाना आणि घमेलं आणलं, सदऱ्यासकट गाडीखाली गेलो आणि सवयीनं खालच्या बुचाला पाना लावला.

"मिस्त्री, वरचं आधी."

ती मला भावजी म्हणणार असं ठरलं होतं. पण पाहुणे गाडीखाली वाकून बघत होते. मी वरचं सोडवलं, बोट घातलं, कडेला ओलं लागलं. मी म्हणालो, तेल आहे. तेव्हा तिला राहवलं नाही. नव्या लुगड्यात ती खाली बसली, पदरातनं हात काढला आणि विटेनं सोललेलं बोट आत मुळापर्यंत घातलं. बाहेर आलं तर शेंडा कोरडा, म्हणजे तेल पार खाली गेलेलं. मग खालचं बूच निघालं. त्यावर सुया होत्या, आणि सुयांत एक तांदळाएवढा तुकडा. दाताचा.

तिनं तो तळहातावर घेऊन दत्तोबांपुढं धरला. म्हणाली, गाडी हितंच ठेवा, एक्सल उघडल्याशिवाय हलवू नका, कुठलंही तेल घालून हे बरं होणार नाही. दत्तोबा तुकड्याकडं बघत राहिले. मग त्या हाताकडं. मग म्हणाले, "विहीणबाई, हे तुमास्नी कसं ओ कळतंय?"

विहीणबाई म्हणाले, म्हणजे लग्न ठरलं होतं. सगळी गल्ली ऐकत होती. सांगून टाकायला तेवढी एकच जागा होती. आक्कानं माझ्याकडं बघितलं आणि हळू म्हणाली, "भावजींकडनं ऐकून ऐकून."

दत्तोबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मालक, घरच्या बाईमाणसास्नी बी तयार केलंयसा की."

मी मान हलवली. तोंड उघडलं असतं तर पोरीचं मोडेल अशी मी मनाची समजूत घातली. पण मान हलवायची तरी काय गरज होती? वैशाली दारात होती. तिनं आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि आत गेली.

लग्न थाटात झालं. चुलत्याचा मान म्हणून मला भगवा फेटा बांधला. आक्का मंडपाच्या कडेला, हात पदराखाली. फेटा बांधणारा म्हणाला, डोकं सरळ ठेवा, तर मला ते जमेना.

आणि लग्नानंतरही ते संपलं नाही. दत्तोबा तेलाला यायचे ठरले की मामाचा फोन यायचा. मी हात धुऊन समोर जायचो, खुर्चीत बसायचो. आक्का पडद्यामागं. कुठला कॅन द्यायचा ते ती आतून हळू सांगायची आणि मी तेच मोठ्यानं बोलायचो, नंदीबैलासारखा. गल्लीतली पोरं मला मालक म्हणून हाक मारायला लागली. त्यापेक्षा वाईट म्हणजे आक्काचा आवाज गेला. दुखणं काही नव्हतं, पण ती बारीक बोलायला लागली. गिऱ्हाइकानं अमुक कंपनीचा कॅन मागितला की काढून द्यायची. गाडी कुठं जाती, हे विचारणं तिनं सोडलं. कुणी बूच आणलं तर म्हणायची, मिस्त्रीला दाखवा.

मला बुचातलं काही कळत नाही हे तिला माहीत होतं.

मग दिवाळीनंतर एकदा दत्तोबा फोनबिन न होता, एस्टीनं येऊन, चालत गल्लीत शिरले. मी धावतच समोर गेलो, हातही धुतले नव्हते, आणि खुर्चीत बसलो. पडदा हलत होता, म्हणजे आक्का आत गेलेली. दत्तोबा पायरी चढले. हातात कागदाची पुडी. मी हात पुढं केला.

"तुम्ही बसा, मालक," ते म्हणाले, आणि माझ्या पुढनं जाऊन पडद्यासमोर उभे राहिले. "विहीणबाई, गिअरबॉक्साच्या मागच्या डब्याचं तेल बदलायला काढलंय. सूनबाईनं बूच दिलंय. म्हणाली, दुकान आईचं हाय, आईलाच दाखवा. आन पुसू नका म्हणाली."

पडदा हलायचा थांबला. मी खुर्चीच्या हातांना धरून बसलेलो.

"पुसलं न्हाय न्हवं?" आतून आवाज.

"न्हाय."

पडद्यातून आधी हात आला. उघडा. रेघारेघांत काळं भरलेला. मग ती बाहेर आली, पुडी घेतली आणि माझ्याकडं न बघता दारात, उजेडाला जाऊन उभी राहिली. चुरा अंगठ्यावर घेतला. चोळला. वास घेतला. परत चोळला. एवढं चोळायचं त्यात काही नव्हतं, करडा मऊ लगदा होता, मलासुद्धा बसल्या जागेवरून कळत होतं.

"संसार बरा चाललाय," ती म्हणाली, आणि पदराच्या टोकानं नाक पुसलं.

मी उठलो. कुणी मला उठ म्हणालं नव्हतं. तिच्या बाजूनं अंग चोरून पायऱ्या उतरलो. दत्तोबांनी मागनं हाक मारली, मालक, च्या तरी घ्या. मी वळलो नाही. त्या दिवसापासून मी ते दुकान चढलो नाही. ती जाईपर्यंत समोरासमोर होतो, पण इतक्या जवळून तिला पुन्हा बघायचं मला धाडस झालं नाही. फेटा गॅरेजात खिळ्याला आहे, त्यावर धूळ बसते, मी झटकत नाही.

त्या दिवशी गल्ली ओलांडून माझ्या दारात आलो आणि उगाच हातोडा उचलून एका पत्र्यावर मारायला लागलो. दत्तोबा तिला विचारत होते, मग आता कुठलं तेल न्यायचं? हातोड्याच्या वरून, सगळ्या गल्लीला जाईल असा तिचा जुना आवाज आला.

"ते मागनं. आधी सांगा, गाडी कुठं जाती?"